आईची दुबई

मी दुबईला कधीच गेलो नाही. पण एक काळ असा होता की आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मी दुबईला आहे असं माहीत होतं, आणि मी मात्र आमच्याच घरात, विक्रोळीला, नवव्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत राहत होतो.

तेव्हा मी पवईच्या एका मोठ्या ऑफिसात एसी मेकॅनिक होतो. सबंध इमारत थंड करणारी मशीनं तळघरात असतात, तिथे माझी ड्युटी. मशीनांची घरघर अखंड चालू. कधीतरी त्या घरघरीत मला बोलणं ऐकू यायला लागलं. आधी नुसतं माझं नाव. मग माझ्याविषयी कुजबुज. वरच्या मजल्यांवरची माणसं नळ्यांमधून माझ्याबद्दल बोलतात अशी माझी खात्री पटली. झोप गेली. डबा जसाच्या तसा घरी परत यायला लागला. आईने गावी मामाला फोन करून देवाला कौल लावायला सांगितलं, माझ्या दंडाला काळा दोरा बांधला. एका दुपारी मी सगळी मशीनं बंद केली आणि आतून कडी लावून बसलो. दार तोडून मला बाहेर काढलं तेव्हा मी म्हणे अगदी शांत होतो, आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प बसायला सांगत होतो.

हॉस्पिटलातले दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. हिरवट चादर, उंचावर फिरणारा पंखा, पलीकडच्या खाटेवरचा एक म्हातारा दिवसभर कसलीशी आरती पुटपुटायचा. बाबा रोज येऊन खाटेच्या कडेला बसायचे आणि माझी नखं कापायची आहेत का ते बघायचे.

दरम्यान घरी समोरच्या काकूंनी आईला विचारलं, "पोरगा दिसत नाही गं हल्ली?"

"दुबईला लागला," आई म्हणाली.

नंतर तिने मला सांगितलं, की तिने काहीच ठरवलं नव्हतं. टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालू होती, उंच उंच इमारतींची. तोंडातून गेलं ते गेलं. काकूंनी हातातली वाटी खाली ठेवून तिचं अभिनंदन केलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मजल्यांवर पोहोचलं.

मला घरी सोडायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. दुबईला नोकरीला लागलेला माणूस इतक्यात परत येत नाही. शेवटी बाबांनी मला भर दुपारी आणलं, बिल्डिंग जेवून आडवी झालेली असते तेव्हा. माझ्या डोक्यावर टोपी होती. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. आईने दार आधीच किलकिलं करून ठेवलं होतं. मी आत गेलो, आणि ती म्हणाली, "थोडे दिवस रे. मग बघू."

ते थोडे दिवस लांबत गेले.

आतल्या खोलीच्या खिडकीतून हायवेपलीकडची तिवरं दिसतात आणि त्यांच्या मागे खाडी. गॅलरीत जायची मला मनाई होती, पण पडद्याच्या फटीतून बघायला आईची हरकत नसायची. गोळ्यांनी डोळे जड असायचे. भरतीचं पाणी तिवरांत शिरायचं आणि हिरव्या रंगाखाली हळूहळू चमकायला लागायचं. मी बघता बघता झोपायचो आणि उठायचो तेव्हा पाणी गेलेलं असायचं, नुसता चिखल, त्यावर बगळे. आज कोणता वार हे मला कळायचं नाही. मला ते नकोही होतं.

दुपारी काकू यायच्या. बाहेरच्या खोलीत दोघी लसूण सोलत बसायच्या, आणि मी दाराआड पडून माझ्या खबरी ऐकायचो.

"खोलीत चौघं जण आहेत. एक मुलगा केरळचा. तो मासे करतो, पण खोबरेल तेलात."

"अगं बाई. मग खातो कसा?"

"सवय झाली म्हणाला. उन्हाळ्यात नळाला पाणीसुद्धा गरमच येतं तिथे. याची खिडकी पण खाडीवरच आहे बघा. मी म्हटलं, बरं झालं, घरच्यासारखं वाटेल."

पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा चादर बाजूला सारून पाय जमिनीवर टेकवले. उठून बाहेर जावं आणि दोघींसमोर उभं राहावं असं वाटलं. मग हळूहळू मी त्या वेळेची वाट बघायला लागलो. मी तिथे कामाला वाघ होतो. साहेब माझ्यावर खूश होता. मला मशीनचा आवाज ऐकूनच बिघाड कळायचा, असं आई सांगायची, आणि हे तर खरंच होतं, आजाराच्या आधी खरंच होतं. डोळे मिटले की मी तिथल्या खोलीत असायचो. माझा पलंग भिंतीकडचा होता. केरळचा मुलगा कढईत मासे परतत असायचा आणि बाहेर पांढरं ऊन पडलेलं असायचं. आई काही दिवस नवीन काही बोलली नाही की मला चुटपुट लागायची, तिथे माझं बरं चाललं आहे ना अशी. हा आजारातला भास नव्हता, एवढं मी खात्रीने सांगतो. आजारात जे आवाज ऐकू यायचे त्यांत माझ्याबद्दल कधी कुणी चांगलं बोललं नव्हतं.

बाबांची मात्र पंचाईत झाली. ते इथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. सकाळी खाली बाकावर त्यांच्या जुन्या खात्यातली माणसं जमायची, पेपर वाचायची, एकमेकांची उणीदुणी काढायची. ती बाबांची दिवसातली सगळ्यात आवडती वेळ. पण बाबांना खोटं बोलता येत नाही. तोंड उघडलं की त्यांचे कान लाल होतात. "पोरगा काय म्हणतो दुबईला?" असं कुणीतरी विचारणारच. म्हणून त्यांनी बाकावर बसणंच सोडलं. ते एकटेच हायवेच्या कडेने फिरून यायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे. तिघांच्या त्या घरात सगळ्यात जास्त कोंडलेलं कोण होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

गोळ्या आणायला हॉस्पिटलात बाबाच जायचे. डॉक्टर म्हणायचे, पेशंटला घेऊन या. बाबा मान हलवून परत यायचे. असं बरेचदा झाल्यावर हॉस्पिटलातून एक बाई घरी आल्या. त्यांना सगळे सोशल वर्कर मॅडम म्हणत. मी ताई म्हणायला लागलो ते नंतर. चाळिशीच्या असतील, सुती ओढणी, खांद्याला कापडी झोळी, बसने आल्यामुळे कपाळावर घाम. गळ्यात हॉस्पिटलचा बिल्ला होता.

आईने दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "तो बिल्ला आधी पर्समध्ये टाका."

ताईंनी बिल्ला काढला, झोळीत ठेवला आणि विचारलं, "आता येऊ का आत?"

आत आल्यावर त्यांनी पाणी मागितलं, खिडकीशी उभं राहून तिवरं बघितली, मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "दिवसभर काय करता?"

"झोपतो," मी म्हणालो. "आणि दुपारी दुबईला जातो."

आई स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभी राहिली. बाबांचे कान लाल झाले. ताई मात्र हसल्या नाहीत की त्यांनी झोळीतून कागद काढून काही लिहून घेतलं नाही. त्या आईकडे वळल्या. "मला सांगाल का?"

आईने सांगितलं. सुरुवातीला तुटक, मग रागाने. "तुमचं काय जातं बाई? उद्या सगळे याला वेडा म्हणतील. लिफ्टमध्ये शिरला तर बायका बाहेर पडतील. माझ्या माहेरी एकाला बांधून ठेवला होता, मी बघितलाय तो. पोरं दगड मारायची त्याला. मला सगळं माहीत आहे."

ताईंनी ते सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "मी कुणाशी खोटं बोलणार नाही. पण तुमच्या घरातलं माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. आणि यांना डॉक्टरांसमोर आणायला हवं, ते टाळू नका. कसं आणायचं ते मिळून बघू."

लिफ्टमध्ये काकूंनी त्यांना गाठलंच. कुणाकडे येता, कशाला येता. ताई म्हणाल्या, "कामासाठी येते," आणि काकूंना उलट त्यांच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. हे आम्हाला काकूंकडूनच कळलं. त्या बाईंचा स्वभाव चांगला आहे असं काकू आईला सांगत होत्या.

त्या येत राहिल्या. मोठं असं काही त्यांनी केलं नाही. मला अगदी सकाळी डॉक्टरांना दाखवायची सोय केली. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि माझ्या डोळ्यांवरचं धुकं थोडं निवळलं. बाबांना त्या मुलुंडला घेऊन गेल्या. तिथे अशा आजारी माणसांच्या घरच्यांची बैठक भरते, महिन्यातून एकदा, कुठल्या तरी शाळेच्या वर्गात. बाबा पहिल्यांदा गेले ते नाइलाजाने. परत आले आणि भिंतीऐवजी आमच्याकडे तोंड करून चहा प्यायले. "तिथे एक जण आहे," ते म्हणाले, "त्याची बायको आजारी आहे. सांगताना तो इतका सहज सांगतो. मी पण सांगितलं." आईने विचारलं, "काय सांगितलंत?" बाबा म्हणाले, "जे आहे ते." आई उठून आत गेली.

पुढच्या खेपेला ताईंनी मला विचारलं, "तुम्हाला काय हवंय? आईंना काय वाटतं, बाबांना काय वाटतं, ते बाजूला ठेवा."

मी खूप वेळ विचार केला. तेवढा वेळ त्या थांबल्या. मी म्हणालो, "खाली जायचंय."

त्यावर आईने तोडगा काढला. मी दुबईहून परत यायचं. रीतसर, बॅग घेऊन. तिने मसजिद बंदरला जाऊन खजूर आणला, अत्तराच्या लहान बाटल्या आणल्या, मला नवा शर्ट घेतला. काकूंना तारीख सांगून टाकली. ताईंच्या कानावर घातलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "घर तुमचं आहे. फक्त परत आल्यावर यांना रोज दुबई सांगावी लागेल. ती किती दिवस सांगता येईल, ते तिघांनी एकदा बघा." आई म्हणाली, "मी सांगीन. याला बोलायची गरजच नाही."

ठरल्याप्रमाणे एका पहाटे बाबा आणि मी बॅग घेऊन जिन्याने उतरलो. वॉचमन खुर्चीत झोपला होता. डॉक्टरांकडे जाणं सोडलं, तर कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाला बाहेरची हवा लागली, खाडीचा खारट वास असलेली. आईचं म्हणणं होतं की घाटकोपरला कुठेतरी वेळ काढा आणि दहाच्या सुमाराला रिक्षाने या. पण बाबांना तेही पटेना. येतोय एअरपोर्टवरून म्हणायचं तर निदान एअरपोर्टवर तरी जाऊन यावं, म्हणजे तेवढं तरी खरं होईल. आम्ही सहारला गेलो.

ती सकाळ मला स्वप्नासारखी आठवते, आणि तरी तिच्यातलं काहीही पुसट नाही. मोठ्या काचेच्या दारांतून गल्फहून आलेली माणसं बाहेर पडत होती. ट्रॉल्यांवर दोरीने बांधलेले खोके, फुलाफुलांच्या गाद्या, ब्लँकेटच्या पिशव्या. माणसं काळवंडलेली, थकलेली, नवे कपडे घातलेली. त्यांच्याकडे बघताना मला वाटलं, यांतला एखादा माझ्या खोलीतला असेल. कठड्याला टेकून वाट बघणाऱ्यांमध्ये आम्हीही उभे राहिलो. शेजारी वाकोल्याची एक बाई होती, तिचा नवरा येणार होता. तिने बाबांना विचारलं, "तुमचं कोण येतंय?"

"मुलगा," बाबा म्हणाले.

"कुठल्या फ्लाइटने?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा काय. आलाय."

ती बाई माझ्याकडे बघत राहिली, बॅगेकडे बघितलं. "मग थांबलात कशाला?"

बाबांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर सरकवला. मला हसू आलं. मग त्यांनाही आलं, आणि ते कठड्याला धरून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबांना असं हसताना मी आजारी पडायच्या आधीच कधीतरी पाहिलं होतं.

बाहेर रस्त्यावर येऊन आम्ही चहा घेतला. बाबा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, "खाली ते सगळे बसलेले असणार. मला नाही जमणार रे."

"मलाही दुबई नीट येत नाही," मी म्हणालो. "ती आईलाच येते."

एवढंच बोलणं झालं.

रिक्षा गेटात शिरली तेव्हा बाकावर नेहमीची मंडळी होती. "आले काय दुबईवाले," एक जण म्हणाला. बाबा उतरले, बॅग जमिनीवर ठेवली. कान लाल नव्हते, मी मुद्दाम बघितलं.

"दुबईला नव्हता हा," बाबा म्हणाले. "हॉस्पिटलात होता. डोक्याचं आजारपण. नंतर घरीच होता. आता बरा आहे, गोळ्या चालू आहेत."

 एकाला घरी काम आठवलं, तो उठून गेला. दुसऱ्याने पेपर उचलून मांडीवर घेतला आणि बाकावर जागा केली. बाबा बसले. मीही बसलो. माझ्या तोंडावर ऊन पडलं होतं. थोड्या वेळाने त्या माणसाने बाबांना विचारलं, "तुम्हाला पेन्शनचे कागद मिळाले का हो?" आणि त्यांचं बोलणं सुरू झालं.

वर मी एकटाच गेलो. दारात रांगोळी होती. आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी, शेजारी काकू. "वाळलास रे तिथे," काकू म्हणाल्या.

"काकू, मी तिथे नव्हतो. मी आजारी होतो. इथेच होतो, आत."

काकूंनी माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं.   आईने हातातलं ताट शू रॅकवर ठेवलं आणि ती आत निघून गेली. काकूंनी ते ताट उचललं, मला ओवाळलं, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या लसूण सोलायला आल्या नाहीत.

आई माझ्याशी बोलेना. जेवायला वाढायची, पण ताट ठेवून वळायची. ताई आल्या तेव्हा त्यांनी माझी विचारपूस नंतर केली, आधी स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ जमिनीवर बसल्या. दार उघडंच होतं.

"लाज गेली ती गेली," आई म्हणत होती. "त्याचं मला काही नाही आता." मग ती एकदम गावच्या बोलीवर आली. ती रडायला लागली की तिला शहरातलं मराठी सुचत नाही. "पण थंय तो बरो होतो, बाई. माझो झील थंय बरो होतो."

बाहेरच्या खोलीत मी आणि बाबा एकमेकांकडे बघायचं टाळत बसलो होतो.

ताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिथला तुमचा मुलगा कसा होता, मला सांगा ना."

आणि आईने सांगितलं. सगळं. केरळच्या मुलाचे मासे, खाडीवरची खिडकी, साहेबाने दिलेलं घड्याळ. आम्ही कधी ऐकलं नव्हतं असंही पुष्कळ. तिथे माझं एका मुलीशी जमत आलं होतं, नर्स होती ती, रत्नागिरीकडची. पुढच्या वर्षी लग्न करायचं होतं. आई हुंदके देत देत सांगत होती आणि ताई मध्येच एखादा प्रश्न विचारत होत्या, मुलीचं शिक्षण किती, घरी कोण कोण. चहा गार होऊन गेला. सांगून झाल्यावर आईने पदराने तोंड पुसलं, आणि त्या दिवशी तिने माझं ताट वाढलं ते माझ्यासमोर बसून.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीने, मी घातक नाही असं लिहून आणायला सांगितलं. ताई त्यांच्याकडे गेल्या त्या मला घेऊन. "जे विचारायचं ते यांनाच विचारा," त्या म्हणाल्या. सेक्रेटरी अवघडले. त्यांनी विचारलं, "राग वगैरे येतो का?" मी म्हणालो, "येतो. नळाचं पाणी गेलं की." ते हसले, आणि लिहून घ्यायचं राहून गेलं. खालच्या मजल्यावरची एक बाई मात्र आजही मला बघितलं की मुलीचा हात धरते. जुन्या ऑफिसाने मला परत घेतलं नाही. घाटकोपरला एका दुकानात फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम मिळालं. मालकाला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. तो म्हणाला, "हात चालतात ना?" आई दिवाळीनंतर मुलुंडच्या बैठकीला जायला लागली. बाबा म्हणतात, तिथे आता तिच्यापुढे कुणाला बोलायलाच मिळत नाही.

ताईंची पुढे दुसरीकडे बदली झाली. आमच्याकडे एक नवीन मुलगी यायला लागली, तीही बरी आहे.

मागच्या वर्षी संध्याकाळी घाटकोपरच्या मेट्रोच्या पुलावर मला ताई दिसल्या. गर्दीतून समोरून येत होत्या, तीच झोळी. त्यांनी मला बघितलं, नक्की बघितलं, आणि नजर तशीच पुढे नेली. मी त्यांच्या खिजगणतीतही नसल्यासारखी. माझे पाय जागीच थांबले. मग मी हाक मारली, "ताई."

त्या वळल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कसे आहात? आई कशा आहेत? गुडघे दुखायचे त्या काकू?"

"तुम्ही ओळखलंच नाहीत असं वाटलं."

"ओळखलं ना," त्या म्हणाल्या. "पण आम्ही आधी ओळख दाखवत नाही. तुमच्याबरोबर कुणी असलं, तुम्हाला नको असलं तर? तुम्ही हाक मारलीत, आता बोलूया."

आम्ही कठड्याला टेकून बोललो. खाली बसचे हॉर्न वाजत होते, पुलावरून माणसांचा लोंढा दोन्ही बाजूंनी वाहत होता. मी काकूंबद्दल सांगितलं, की त्या परत यायला लागल्या आहेत. ताईंना मुलुंडला जायचं होतं, त्यांनी घड्याळ बघितलं आणि निरोप घेतला.

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. त्या जिन्याकडे जात होत्या, समोर बघत, सरळ, आणि त्यांच्या बाजूने माणसं जात होती. एक तरुण बाई त्यांच्या अगदी जवळून गेली, क्षणभर थबकली, आणि दोघीही काही न बोलता आपापल्या वाटेने पुढे गेल्या.